भरल्या गाडीचे हिसके : निदान व उपाय

शेतमाल पिकविण्याइतकेच तो वेळेवर व सुस्थितीत बाजारात पोचविणे महत्त्वाचे आहे. पूर्वी हे काम बैलगाडी करीत असे. आता ते पिक-अप, छोटा टेंपो किंवा घरची मोटारगाडी करते. बैलाच्या खुरास जखम झाली तर शेतकरी ती त्याच दिवशी पाहतो. परंतु गाडी वेग घेताना थरथरू लागली, हिसके देऊ लागली, तर "चालते आहे तोवर चालू द्यावी" असे म्हणून पुष्कळदा दुर्लक्ष केले जाते. अशा दुर्लक्षामुळे अल्प खर्चात दूर होणारा दोष मोठ्या खर्चाचा होतो आणि प्रसंगी अपघातासही कारण ठरतो.

पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरील खराडी हे ठिकाण या दृष्टीने लक्षात घेण्याजोगे आहे. मुळा-मुठेच्या उत्तर तीरावरील हे गाव १९९७ साली पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आले. पूर्वी जेथे शेते होती, तेथे आज संगणक उद्योगांच्या उंच इमारती उभ्या आहेत. तथापि शिरूर, शिक्रापूर व वाघोली या बाजूने पुण्यात येणारा भाजीपाला अजूनही याच रस्त्याने जातो. काही गाड्या गुलटेकडीच्या मार्केट यार्डाकडे वळतात, तर काही नदी ओलांडून मांजरीच्या उपबाजाराकडे. गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर एका लयीत चालणारी भरलेली गाडी खराडीच्या चौकात आली की थांबते, सुटते, पुन्हा थांबते. दर वेळी चालकाला क्लच सोडून एक्सिलरेटर दाबावा लागतो. इंजिनावर व चाके फिरविणाऱ्या भागांवर सर्वांत अधिक ताण पडतो तो याच क्षणी. त्यामुळे मोकळ्या रस्त्यावर लपून राहिलेला दोष अशा ठिकाणी उघड होतो.

हिसका हे लक्षण आहे, रोग नव्हे

पिकाचे पान पिवळे पडले एवढ्यावरून जाणता शेतकरी खताची गोणी फोडीत नाही. खालची जुनी पाने आधी पिवळी पडली तर तो नत्राच्या उणिवेचा संशय घेतो. वरची कोवळी पाने पिवळी पडून शिरा हिरव्या राहिल्या तर लोहाची उणीव ओळखतो. लक्षण एकच, परंतु ते कोठे व केव्हा दिसते यावरून कारण निराळे ठरते. गाडीच्या बाबतीतही हाच नियम लागू आहे. "गाडी हिसके मारते" एवढेच कारागिरास सांगितले तर त्याला तर्काने एकेक भाग बदलीत जावे लागते, आणि त्या तर्काचा खर्च गाडीमालकावर पडतो. हिसके केव्हा येतात हे नेमके सांगता आले तर निदानाचे अर्धे काम तेथेच संपते.

वेग देतानाच दोष का दिसतो, हे थोडक्यात समजून घेणे उपयुक्त आहे. चार सिलिंडरांच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदा जोर देतो. इंजिन मिनिटास १,५०० फेरे करीत असता असे ३,००० धक्के समान अंतराने बसतात, म्हणून चाल गुळगुळीत वाटते. एक सिलिंडर निकामी झाला तर मिनिटाला ७५० वेळा धक्का चुकतो. हीच थरथर मजुराच्या पायापासून मालाच्या क्रेटपर्यंत सर्वांना जाणवते. कारागीर याला "मिसिंग" म्हणतात. एक्सिलरेटर दाबला की सिलिंडरातील दाब वाढतो आणि त्या दाबातून ठिणगी पाडण्यास अधिक विद्युत्दाब लागतो. रिकाम्या गाडीत कसाबसा काम करणारा जुना प्लग अशा वेळी हार खातो. डिझेल इंजिनात त्या क्षणी अधिक तेलाची मागणी होते आणि अर्धवट तुंबलेला फिल्टर ती पुरवू शकत नाही.

प्रथम करावयाच्या चार परीक्षा

हत्यार हाती घेण्यापूर्वी पुढील चार परीक्षा कराव्यात. त्यांस पैसा लागत नाही. रस्त्यावरील परीक्षा मात्र सरळ, सपाट व रहदारी नसलेल्या जागीच करावी. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये कधीही सोडू नये.

१. उभ्या गाडीची परीक्षा : हातब्रेक ओढून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिनाचा वेग हळूहळू वाढवावा. तेव्हाही इंजिन अडखळत असेल तर दोष बहुधा इंजिनात आहे. मात्र उभी गाडी गुळगुळीत चालली म्हणून इंजिन निर्दोष ठरत नाही, कारण उभ्या गाडीत इंजिनावर भार नसतो.

२. पाय उचलण्याची परीक्षा : ज्या वेगास थरथर येते त्या वेगास एक्सिलरेटरवरून पाय उचलावा. थरथर तत्काळ थांबली तर दोष भाराशी संबंधित आहे, म्हणजे इंजिनात किंवा शाफ्टच्या सांध्यांत आहे. ती तशीच चालू राहिली तर चाकांकडे पाहावे.

३. गिअर बदलण्याची परीक्षा : थरथर ताशी ५० किलोमीटरला येत असेल तर त्याच वेगाने एकदा तिसऱ्या व एकदा चौथ्या गिअरमध्ये गाडी चालवावी. गिअर बदलताच थरथरीचे स्वरूप बदलले तर ती इंजिनाच्या फेऱ्यांशी निगडित आहे. गिअर कोणताही असो, थरथर ५० लाच येत असेल, तर दोष गिअरपेटीच्या पुढे, शाफ्टमध्ये किंवा चाकांत शोधावा.

४. सुटण्याची परीक्षा : केवळ गाडी सुटताना, क्लच पकडीत असतानाच गाडी थरथरते व नंतर शांत होते काय, हे पाहावे. तसे असल्यास क्लच किंवा इंजिनाखालील रबरी बैठका संशयास्पद आहेत.

याखेरीज काही गोष्टी वहीत टिपून ठेवाव्यात. इंजिन थंड असता हिसके येतात की तापल्यावर. रिकाम्या गाडीत की भरलेल्या. तेल भरल्यानंतर, पावसानंतर किंवा गाडी धुतल्यानंतर दोष सुरू झाला काय. थरथर स्टिअरिंगला जाणवते, पायाखाली जाणवते की आसनाखाली. आणि चालकासमोरील फळीवर इंजिनाचा दिवा लागतो काय.

पेट्रोल व सीएनजी गाड्या

या गाड्यांत सर्वप्रथम स्पार्क प्लग तपासावेत. इंजिन थंड झाल्यावरच ते काढावेत आणि कोणता प्लग कोणत्या सिलिंडरातील आहे याची खूण ठेवावी. टोकाचा रंग फिकट तपकिरी असणे हे निरोगी ज्वलनाचे चिन्ह होय. काळी कोरडी काजळी असेल तर तेल अधिक किंवा हवा कमी पडते. ओलसर पेट्रोल असेल तर त्या सिलिंडरात ठिणगीच पडत नाही. चिकट काळा थर असेल तर इंजिनातील वंगण वर येत आहे. टोके झिजून फट वाढली असेल तर गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या जातीचाच नवा प्लग बसवावा.

प्लग चांगले असूनही मिसिंग राहिले तर कॉइल पाहावी. प्रत्येक सिलिंडरास स्वतंत्र कॉइल असलेल्या गाडीत, इंजिन बंद करून, संशयित कॉइल शेजारच्या सिलिंडरावर बसवावी व तेथील इकडे आणावी. दोष कॉइलबरोबर स्थलांतरित झाला तर कॉइल दोषी. तो मूळ जागीच राहिला तर प्लग, इंजेक्टर किंवा सिलिंडरातील दाब यांची तपासणी करावी. चालू इंजिनात प्लगची वायर हाताने ओढून पाहण्याची जुनी रीत सोडून द्यावी. तिने जबर विजेचा झटका बसतो आणि कॉइल व नियंत्रक यंत्र यांचीही हानी होऊ शकते.

अलीकडील गाड्यांत दोषांची नोंद यंत्रच ठेवते व कार्यशाळेतील वाचकयंत्र ती दाखविते. 'पी ०३००' म्हणजे निरनिराळ्या सिलिंडरांत मिसिंग, 'पी ०३०१' म्हणजे पहिल्या सिलिंडरात, 'पी ०३०२' म्हणजे दुसऱ्यात, असा या संकेतांचा अर्थ आहे. परंतु संकेत केवळ कोणत्या सिलिंडरात बिघाड आहे हे सांगतो, कोणता भाग बदलावा हे सांगत नाही. तो वाचून एकदम महाग भाग विकत घेणे उचित नव्हे.

सीएनजीस पेट्रोलपेक्षा अधिक जोरदार ठिणगी लागते. त्यामुळे प्लगचा अशक्तपणा आधी गॅसवर प्रकट होतो. गाडी गॅसवर हिसके देते परंतु पेट्रोलवर नीट चालते, असे आढळल्यास प्लग व कॉइल तपासून मगच गॅसचा फिल्टर व दाबनियंत्रक पाहावा. गॅसयंत्रणेचे काम अधिकृत कारागिराकडूनच करवून घ्यावे. गॅसचा वास आल्यास गाडी मोकळ्या हवेत थांबवून टाकीची झडप बंद करावी.

पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ साली गाठले. उसापासूनही होणारे हे इथेनॉल पाणी शोषून घेते. पाण्याचे प्रमाण फार वाढले तर इथेनॉल व पाणी पेट्रोलपासून विलग होऊन टाकीच्या तळाशी बसते आणि इंजिन अडखळते. यास्तव टाकीचे झाकण घट्ट असावे, आणि दीर्घकाळ उभ्या राहणाऱ्या गाडीत जुने पेट्रोल महिनोन्महिने ठेवू नये.

डिझेल गाड्या

विहिरीवरील डिझेल इंजिनात हवा धरली म्हणजे काय होते, हे महाराष्ट्रातील शेतकऱ्यास नव्याने सांगावयास नको. पुण्यात खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्स हा कारखाना १९४६ साली स्थापन झाला, आणि पुढे अशा इंजिनांनी अनेक पिढ्यांना हवा काढण्याची विद्या शिकविली. पिक-अपच्या इंजिनासही तीच तीन दुखणी जडतात : तेलात पाणी, तेलात हवा आणि तेलात कचरा.

पाणी : फिल्टरखालील जलविभाजकाचा स्क्रू सैल करून भांड्यात थोडे तेल काढावे. तळाशी पाण्याचा थर किंवा थेंब दिसले तर स्वच्छ डिझेल येईपर्यंत निचरा करावा. पावसाळ्यात ही तपासणी वरचेवर करणे हितावह आहे. घरी पिंपात डिझेल साठविणाऱ्यांनी ते हलविल्यावर स्थिर होऊ द्यावे व अगदी तळचे तेल गाडीत भरू नये.

हवा : टाकीपासून फिल्टरपर्यंतच्या नळ्या, त्यांच्या पकडी व वॉशर पाहावेत. नळीस बारीक चीर असली तर तेल बाहेर न गळताही हवा आत ओढली जाते. दोष दूर केल्यावर हातपंपाने हवा काढावी.

कचरा : फिल्टर तुंबला असता गाडी कमी भारावर चालते, पण चढावर किंवा ओव्हरटेक करताना दम सोडते. पुस्तिकेत दिलेल्या मुदतीत फिल्टर बदलावा. टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र बुजले असले तरी हेच लक्षण दिसते. झाकण सैल करताच गाडी नीट चालू लागली, तर दोष झाकणात आहे असे समजावे.

धुराचा रंगही मार्गदर्शक आहे. काळा धूर हवा कमी पडते किंवा इंजेक्टर बिघडला असे सुचवितो. पांढरा धूर न जळलेले तेल किंवा पाणी दाखवितो. निळसर धूर वंगण जळत असल्याचे सांगतो. वाघोलीसारख्या दगडखाणींच्या परिसरातून किंवा धुळीच्या शेतवाटांनी नित्य जाणाऱ्या गाडीचा हवेचा फिल्टर लवकर भरतो. तो मुदतीपूर्वीच पाहावा. टर्बो असलेल्या इंजिनात हवेची रबरी नळी फाटली तर जोर कमी होतो, फुसफुस आवाज येतो व काळा धूर निघतो.

येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. जुन्या इंजिनात कोणता सिलिंडर निकामी आहे हे पाहण्यासाठी चालू इंजिनात नोझलच्या नळीची चाकी सैल करीत असत. आजच्या कॉमन रेल इंजिनात तेलाचा दाब १,००० बारहून कितीतरी अधिक असतो. ती बारीक धार कातडी भेदून शरीरात शिरते, आणि वरून जखम लहान दिसली तरी अवयव गमावण्याची वेळ येऊ शकते. म्हणून अशा इंजिनात ही रीत कदापि अवलंबू नये. अशी इजा झालीच तर वेदना नसली तरी विनाविलंब रुग्णालय गाठावे.

क्लच व इंजिनाच्या बैठका

गाडी सुटतानाच थरथरत असेल तर क्लचची तबकडी असमान झिजली आहे, तापून गुळगुळीत झाली आहे, किंवा तिच्यावर तेल आले आहे, असे समजावे. खराडीसारख्या गर्दीच्या रस्त्यावर अर्धा क्लच दाबून गाडी पुढे सरकवीत ठेवण्याची सवय तबकडी लवकर निकामी करते. पुढील गाडीने थोडे अंतर मोकळे केल्यावर मगच क्लच पूर्ण सोडून पुढे जावे. थांबल्यावर न्यूट्रल करावे. नवीन तबकडी टाकण्यापूर्वी तेलाची गळती कोठून होते ते शोधून ऑइल सील बदलणे आवश्यक आहे. अन्यथा नवी तबकडीही तेलाने खराब होईल.

इंजिन रबरी बैठकांवर बसविलेले असते. रबर फाटले की ताण येताच इंजिन उचलते व आपटते. इंजिन बंद असताना विजेरीने प्रत्येक बैठक पाहावी; रबरास भेग किंवा लोखंडापासून सुटलेला भाग दिसला तर ती बदलावी. क्लचचे काम हाती घेण्यापूर्वी हे पाहिल्यास पुष्कळ खर्च वाचतो.

शाफ्ट, सांधे व पाटे

बहुतेक पिक-अप गाड्यांत इंजिनाचा जोर लांब प्रोपेलर शाफ्टने मागील चाकांकडे जातो. शाफ्टच्या दोन्ही टोकांस क्रॉस असतात. इंजिन बंद करून, चाकांस दगडाची ओट लावून, शाफ्ट हाताने दोन्ही बाजूंस पिळून पाहावा. क्रॉसमध्ये ढिलाई किंवा गंजाची तांबूस भुकटी दिसली तर तो बदलावा. दोन तुकड्यांच्या शाफ्टमध्ये मधले बेअरिंग व त्याचे रबर अवश्य पाहावे. शाफ्ट उतरविण्यापूर्वी जोडणीवर खूण करावी व तो त्याच स्थितीत परत बसवावा. एका दात्याचा फरक पडला तरी नवी थरथर सुरू होते.

माल ओझ्याबाहेर भरल्याने मागील पाटे दबतात व शाफ्टचा कोन बदलतो. रिकामी गाडी नीट चालते परंतु भरलेली गाडी सुटताना थरथरते, याचे हे एक वारंवार आढळणारे कारण आहे. येथे उपाय कार्यशाळेत नसून मापात माल भरण्यात आहे. तुटलेला पाटा व सैल यू-बोल्ट मात्र तत्काळ दुरुस्त करावेत.

पुढील चाके ओढणाऱ्या मोटारगाडीत, वेग देताना थरथर व पाय उचलताच शांतता, असे असेल तर ॲक्सलच्या आतील सांध्याचा संशय घ्यावा. वळणावर कट-कट आवाज येत असेल तर बाहेरचा सांधा झिजला आहे. या सांध्यांवरील रबरी बूट फाटला की ग्रीस बाहेर जाते व धूळ आत शिरते. बूट वेळीच बदलला तर सांधा वाचतो.

चाकांविषयी एक सूचना विसरू नये. काळ्या रानातून निघालेल्या गाडीच्या रिमच्या आतील बाजूस चिखल बसून वाळतो. त्यामुळे चाकाचा तोल जातो आणि मोकळ्या रस्त्यावर गाडी थरथरते. बॅलन्सिंगवर पैसे खर्चण्यापूर्वी रिम आतून धुवावी. चाकांचे नट तर सर्वांआधी तपासावेत.

विलंबाने होणारी हानी

पेट्रोल गाडीचे मिसिंग चालू ठेवल्यास न जळलेले पेट्रोल धुराड्यातील शुद्धीकरण पेटीत जाऊन जळते. ही पेटी फार तापून वितळते, आणि तिची किंमत प्लगच्या किमतीच्या अनेक पट असते. इंजिनाचा दिवा उघडझाप करू लागला तर याच धोक्याची ती सूचना असते. एक्सिलरेटर सोडून गाडी सुरक्षित जागी थांबवावी. अशी तापलेली गाडी खळ्यावर, कडब्याच्या गंजीजवळ किंवा वाळल्या गवतावर कदापि उभी करू नये, कारण खालच्या गवतास आग लागू शकते. शाफ्टचा क्रॉस धावत्या गाडीत तुटला तर शाफ्ट रस्त्यावर आपटतो. भरल्या गाडीस त्यापासून मोठा धोका संभवतो. आणि ओव्हरटेक करताना इंजिनाने दम सोडला तर समोरून येणारा ट्रक वाट पाहत नाही.

दुरुस्तीचा क्रम

पहिल्याने बिनखर्चाची कामे करावीत : नट, रिममधील चिखल, टाकीचे झाकण, पाण्याचा निचरा, नळ्या व बैठका यांची पाहणी. त्यानंतर अल्प खर्चाची : हवेचा व तेलाचा फिल्टर, प्लग. मग कार्यशाळेतील : दोषसंकेताचे वाचन, कॉइल, इंजेक्टर, क्रॉस. सर्वांत शेवटी क्लच व इंजिन उघडण्याची कामे. एका वेळी एकच बदल करावा व गाडी त्याच रस्त्यावर, तेवढ्याच भाराने, त्याच गिअरमध्ये चालवून पाहावी. दोन बदल एकदम केले तर गुण कोणाचा हे कळत नाही. बदललेला जुना भाग कारागिराकडून मागून घ्यावा. तारीख, किलोमीटर व खर्च वहीत लिहावा.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वी आपल्या गावातील गाडीमालकांस एकत्र बोलावून वरील चार परीक्षा एखाद्या अनुभवी कारागिराच्या साहाय्याने प्रत्यक्ष करून दाखवाव्यात. एका सकाळीत होणारे हे काम आहे. पिकांच्या रोगांचा नमुना घेताना जशी नोंद केली जाते, तशीच गाडीच्या लक्षणांची नोंद करण्याची सवय लागली, तर कारागिरास नेमकी माहिती मिळेल, अनावश्यक भागांवरील खर्च टळेल, आणि पहाटे भरलेली भाजी उन्हे चढण्यापूर्वी बाजारात उतरेल.